विस्तवावाचून उकळलेला रस

एका राज्यात एक द्राक्षमळा होता आणि त्याचा जीव कुणीतरी घेत होते. कुणी, ते कुणी बोलत नव्हते. हळदकुंकू वाहायला सगळे पुढे, मुळाशी दूध ओतायला सगळे पुढे; काडी छाटायला मात्र एकाचा हात उठेल तर शपथ! वेली जटांसारख्या माजल्या, मणी धरीना, द्राक्षासवाचे रांजण कोरडे पडले.

पहिला पेला वेशीवरच्या पाहुण्याचा, ही मळ्याची रीत. राजा प्रसेन एका साली तो स्वतःच प्यायला. त्या साली वेशीवर आलेली पाहुणी निघाली चेटकीण. म्हणाली, "आता मळ्याचे होईल ते तुझे होईल." तेव्हापासून वेलीला कोयता लावायची कुणाची छाती झाली नाही. छाटताना राजाच तुटला तर? मळा गुदमरत गेला, राजा पायांपासून लाकूड होत गेला. आता लाकूड छातीशी आले होते.

राजकन्या हेमलेखेला वाट पाहणे ठाऊक नव्हते. चेटकिणीची एक साळुंकी वेशीवर येऊन बसे; तिने तिलाच विचारले, "उपाय?"

"वेल रडव. रस विस्तवावाचून उकळव. राजाने गिळले ते परत कर," साळुंकी म्हणाली आणि उडाली.

हेमलेखेने कोयता उचलला. प्रधान आडवा आला. "राजकन्ये, ही पितृहत्या होईल!"

"न छाटता काय होतेय, ते दिसतेच आहे. सरा बाजूला."

काडी तुटली, राजा कळवळला. दुसरी तुटली, तो ओरडला, "थांबू नकोस, पोरी!" सारा मळा बोडका झाला. मग कापल्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळू लागले, आणि राजाच्या डोळ्यांतूनही. पुढे काड्यांवर डोळे फुटले, पालवी आली, घड लोंबले.

पुरोहितांनी द्राक्षे पवित्र जळाने लखलखीत धुतली. रस रांजणात भरला. पण त्याला उकळी येईना. राजाने गिळलेले अजून परत गेले नव्हते; लाकूड त्याच्या गळ्याशी आले.

हेमलेखा मळ्यात धावली. मांडवाखाली चिरडलेला एक घड आपोआप फेसाळत होता. त्याला पाणी लागले नव्हते. मण्यांवर धुरकट पांढरी साय तशीच होती. तिने बोट फिरवले, चाखले, हसली. "ही सायच रसाचा जीव, आणि आपण तीच धुऊन टाकली!"

उरलेले घड तिने न धुता तुडवले. रांजण गुरगुरू लागला, गार भांड्यात रस उकळला आणि निवला.

पेला भरला तेव्हा लाकूड राजाच्या हनुवटीवर होते. सारे ओरडले, "आधी महाराजांना!" हेमलेखेने राजाकडे पाहिले. राजाने डोळ्यांनी वेस दाखवली. ती वेशीकडे धावली. तिथे चेटकीण उभी होती.

"उशीर केलात," ती म्हणाली, आणि पेला रिकामा केला.

राजाच्या अंगावरची साल खळाखळा गळाली. तो उठला, चालत वेशीपर्यंत आला, दुसरा पेला प्यायला. तिसरा वेशीवरच्या पहारेकऱ्याला मिळाला. त्याने तो तोंडात घोळवला.

"आंबट आहे, महाराज," तो म्हणाला, "पण पुढच्या साली बघा."