नऊशे घरांचा विडा

सर्जेराजांना जलमहालात कारंजी उडवायची होती आणि त्यासाठी आंबवड्याचं तळं हवं होतं. थोडंथोडकं नाही, अख्खं तळं. नऊशे घरं त्याच तळ्याचं पाणी प्यायची, पण कारंज्यापुढे लोकांच्या तहानेला विचारतो कोण?

अडचण एकच होती, जुना रिवाज. गावाचं काही घ्यायचं तर राजाने घरटी एक विडा पाठवायचा. घरच्या माणसाने तो खाल्ला की त्या घराचा होकार, तसाच परत आला की नकार. नऊशेच्या नऊशे विडे परत येणार हे राजांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रंभाजीरावांना बोलावणं धाडलं.

रंभाजीराव म्हणजे गावाने निवडून दिलेले लोकप्रमुख. आंबवड्यात निवडायची रीत साधी होती. प्रत्येक घराने आपल्या पसंतीच्या माणसाच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. रंभाजीरावांनी 'तळ्यातला गाळ काढून देतो' म्हणत दारोदार हात जोडले होते, म्हणून त्यांचं मडकं भरलं. निवडून आल्यावर हात सुटले आणि गाळ होता तिथेच राहिला. गेली चार वर्षं तर या गृहस्थांनी 'मी' म्हणणंच सोडलं होतं. "प्रजेला थंडी वाजतेय," म्हणायचे नि शाल पांघरायचे. "प्रजेला श्रीखंड फार आवडलं," म्हणून दुसरी वाटी पुढे करायचे.

तर भर दरबारात राजांनी एक विडा पुढे केला. रंभाजीरावांनी तो तोंडात टाकला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "प्रजेचा होकार आहे." झालं. नऊशे घरांचं तळं एका पानात गेलं.

दुसऱ्या दिवशी गोजरा तांबोळीण दरबारात येऊन उभी राहिली. तिचा पानमळा त्याच तळ्यावर जगत होता. पाणी तुटलं असतं तर पंधरा दिवसांत वेली जळून गेल्या असत्या.

"महाराज, विडा आमच्या दारी आलाच नाही," ती म्हणाली.

"प्रजेने खाल्ला की काल."

"प्रजेतली मीपण आहे. माझं तोंड तर कोरडंच आहे."

रंभाजीराव हसले. "बाई, तू प्रजेतली एक. सगळी प्रजा इथे बसलीय," म्हणून त्यांनी स्वतःची छाती थोपटली.

राजे हट्टी होते, पण गंमत त्यांनाही आवडायची. ते म्हणाले, "हे म्हणजे प्रजा नव्हेत, हे उद्या दुपारपर्यंत सिद्ध कर. साक्षीदार एकही आणायचा नाही. आणि कबुली यांच्याच तोंडून आली पाहिजे. जमलं तर तळं तुमचं. नाही जमलं तर तुझा मळाही माझा."

दरबारी खो खो हसले. रंभाजीरावांनी आपल्या तोंडाने 'मी प्रजा नाही' म्हणायचं? त्यापेक्षा तळ्याने चालत महालात यावं हे सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी गोजरा चार टोपल्या घेऊन आली. टोपल्यांत विडेच विडे. पान, चुना, कात, सुपारी, सगळं रिवाजाप्रमाणे.

"घरटी एक, असे नऊशे आहेत महाराज. सगळी प्रजा इथेच बसलीय, तर दारोदार कशाला हिंडू? इथेच खाऊ घालते. पण गिळायचा हं. थुंकला तर नकार."

"रिवाज आहे," राजे म्हणाले. "खा, रंभाजीराव."

गोजराने पहिला विडा दिला. "हा वेशीजवळच्या तुका परटाचा. काय म्हणतो तो?"

"होकार," रंभाजीराव चावत म्हणाले.

"तुका परीट दोन वर्षांपूर्वी वारला. असो. हा कासाराच्या सगुणाचा."

"ही कोण सगुणा?"

"तुमच्या भिंतीला भिंत लागून राहते. खा."

पाचव्या विड्याला रंभाजीरावांच्या कपाळावर घाम आला. नवव्याला चुन्याने जीभ पोळली. तेराव्याला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि पहिली टोपली अजून भरलेलीच दिसत होती.

"हा गुरवाचा," गोजरा शांतपणे म्हणाली.

"बाई, पुरे," रंभाजीराव कळवळले.

"पुरे कसं? प्रजेची आठशे सत्त्याऐंशी तोंडं बाकी आहेत."

"अगं, कसली प्रजा घेऊन बसलीस! मी एकटा माणूस आहे. एकच तोंड आहे मला!"

गोजराने हातातला विडा टोपलीत ठेवला आणि राजांकडे पाहून हात जोडले.

राजांनी विचारलं, "मग गावाने यांना निवडलं ते कशासाठी?"

"गाळ काढण्यासाठी, महाराज. चिंचोका गाळासाठी टाकला होता. तळं देऊन टाका असं त्यावर कुणी म्हटलं नव्हतं."

राजांना ते झोंबलं. "आणि मी? मी तरी प्रजा आहे की नाही?"

"तुम्हाला कुणी निवडलंच नाही, महाराज. मी म्हणजे प्रजा, एवढं एक खोटं तरी तुम्ही बोलत नाही."

राजे असे हसले की मुकुट सावरावा लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिला दिलं. "तळं तुमचं. आणखी काय हवं?"

"गाळ तेवढा काढून द्यायला सांगा."

"कुणाला?"

"ज्यांनी कबूल केलं होतं त्यांना. मघापर्यंत ते एकटेच नऊशे घरांएवढे होते, तेव्हा आठवड्यात उरकलं असतं. आता एकटेच आहेत म्हणतात, तर थोडा वेळ लागेल."

राजे पुन्हा हसले आणि त्यांनी रंभाजीरावांच्या हातात घमेलं दिलं.