सादकड्याचा पूल

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही. मुलांनी ती कान देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच.

त्या राज्याच्या टोकाला डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावापुढे खोल दरी, दरीपलीकडे एक सपाट टेपाड आणि टेपाडामागे सरळसोट काळा कडा. त्याला सादकडा म्हणत. टेपाडावर उभे राहून हाक मारली, की कडा ती चार-पाचदा परत देई. दूरदूरचे लोक ती साद ऐकायला येत. नवे जोडपे एकमेकांची नावे घेई आणि लाजे. म्हातारी माणसे दूरदेशी गेलेल्या मुलांना हाका मारत आणि डोळे पुसत माघारी फिरत.

गावात शेतीजोगी जमीन नव्हती. येणारे प्रवासी हेच गावाचे पीक. थकल्याभागल्यांना डोलीवाले घाट चढवून आणत. मुरारशेटच्या दुकानात गूळ, शेंगदाणे, तेल, वाती सगळे मिळे. दरीवरचा दोरांचा पूल दौलू राखी. अंबाडीचा वाख कुटून दोर वळावेत, त्यांना तेल पाजावे, जुने काढून नवे घालावेत, हे त्याच्या घराण्याचे काम. आणि रात्रीच्या जेवणाला सगळे प्रवासी जात ते चिमाबाईच्या खाणावळीत.

चिमाबाई विधवा होती. मूलबाळ नव्हते. खाणावळ हेच तिचे घर आणि गोत. तिच्या हातची कुळथाची पिठी खाल्लेला माणूस पुढल्या वर्षी आणखी दोघांना घेऊन येई.

एका वर्षी पूर्वेकडून बातमी आली, की सरहद्दीवर फौजा जमल्या आहेत. लढाई झाली का, होणार का, हे कोणीच सांगू शकेना. पण बाजारात धान्य महागले, लोकांनी हात आखडता घेतला, आणि हौसेने घराबाहेर पडायचे कोणाला सुचेना. घाटातली वर्दळ आधी विरळ झाली, मग थांबली.

चिमाबाई रोज दिवस कलताना घाटाच्या तोंडाकडे नजर लावून बसे. एखादा वारा उठला तरी तिला धूळ दिसे, आणि धुळीत कधी प्रवासी दिसत, कधी घोडेस्वार. दोन्ही खोटे. मग ती उठून दार लावी. पूर्वी एक कडी घालत असे, आता कडी आणि अडसर.

गावही बदलले. पारावर बसणारे लोक घरात बसू लागले. कोणाच्या घरातून फोडणीचा वास आला, की शेजारी चमकून बघत. यांच्याकडे अजून तेल आहे तर! एका सकाळी डोलीवाल्यांची दोन घरे रिकामी दिसली. कधी गेले, कुठे गेले, कोणाला ठाऊक नाही. चुलीत राख तेवढी होती.

अशात चिमाबाईचा मामेभाऊ बाळोजी याचा निरोप आला. नदीपलीकडे कुंडगावात गरम पाण्याची कुंडे होती आणि तिथे बाळोजीची मोठी खाणावळ होती. त्याने सांगून पाठवले, "ताई, जे आहे ते कुलपात घाल. कोणाला दार उघडू नकोस. असे दिवस एकेकट्यानेच काढायचे असतात."

चिमाबाईकडे प्रवाशांसाठी धान्याने भरून ठेवलेल्या बांबूच्या कणग्या होत्या, नाचणीच्या आणि वरीच्या. तिने कोठीला एक कुलूप होतेच, त्यावर दुसरे लावले. किल्ल्या कमरेला बांधल्या, आणि झोपेतही ती त्यांवर हात ठेवू लागली.

एके दिवशी दौलू दारात आला. बरोबर बायको भागी होती. दोघांचे गाल आत गेले होते.

"काकी," दौलू म्हणाला, "पुलाचे दोर आतून कुजलेत. वरून दिसत नाही, पण मी हाताने चाचपून पाहिलंय. थोडी नाचणी दिलीत तर मी आणि भागी वाख कुटतो, नवे दोर वळतो. पोटात काही असल्याशिवाय दोर वळायचं काम होत नाही."

चिमाबाईने मनाशी हिशेब केला. आज हा, उद्या डोलीवाले, परवा सगळा गाव. तिने मान हलवली.

"कणग्यांना घुशी लागल्या रे. काही राहिलं नाही. आणि प्रवासीच नाहीत, तर पूल कोणासाठी?"

दौलू जायला वळला. "बरं, काकी. पण पुलावर पाऊल टाकू नका," एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि भागी गाठोडे बांधून घाट उतरू लागले. चिमाबाईने खिडकीच्या फटीतून पाहिले. तिला वाईट वाटायला हवे होते. तिला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याचीच तिला भीती वाटली.

घरात पाय ठरेना. आणि एकदम तिला टेपाडावरचा तांब्याचा हंडा आठवला. प्रवाशांना पाणी प्यायला तिने तो तिकडे ठेवला होता. लुटारू आले तर पहिला तोच उचलतील! दौलूचे बोलणे तिला आठवले, पण ती मनाशी म्हणाली, 'नाचणीसाठी घालत होता भीती.' आणि ती पुलावरून पलीकडे गेली. पूल करकरला, पण तिने लक्ष दिले नाही.

तिने हंडा कमरेवर घेतला आणि परत निघाली. पाचदहा पावले टाकली असतील. उजव्या हाताखालचा दोर आधी सैल पडला, मग तडातडा त्याचे पेड सुटू लागले. पूल एका अंगाला कलंडला. हंडा निसटला. चिमाबाईने दोन्ही हातांनी डावा दोर पकडला आणि डोळे मिटले. खाली हंडा खडकावर आपटला. तो आवाज कड्याने उचलला आणि तोफा डागाव्यात तसा पुन्हा पुन्हा दरीत घुमवला.

ती कशीबशी सरकत टेपाडावर परत आली. गुडघे सोलले होते. पुलाकडे पाहिले, तर तो मोडक्या पाळण्यासारखा लोंबत होता. टेपाडाच्या बाकी तिन्ही बाजूंना कडा आणि खाई.

"धावा!" ती जीव तोडून ओरडली. "धावा हो, धावा!"

कडा ओरडला, धावा, धावा, धावा.

गावात लोकांनी आधी तोफेसारखा दणका ऐकला, मग डोंगरातून एकामागून एक आरोळ्या. झाले! फौज आली! आया मुलांना घेऊन माळ्यावर चढल्या. मुरारशेटने दुकानाच्या फळ्या घातल्या. दरीपलीकडून चिमाबाईला सगळे दिसत होते. तिची हाक ऐकून एक-एक दार बंद होत होते. ती जितकी ओरडे, तितकी दारे जास्त घट्ट लागत. शेवटी तिचा आवाज बसला. ऊन चढले, तहान लागली, आणि टेपाडावर पाण्याचा थेंब नव्हता. ती दगडाला पाठ लावून बसली. 'मी मेले तरी कोणाला कळायचं नाही,' तिला वाटले, 'आणि कळलं तरी कोणी दार उघडायचं नाही. मी तरी कुठे उघडलं होतं?'

तिकडे घाटाच्या अर्ध्या वाटेवर दौलू थबकला होता. भागीने त्याचा हात धरला. "वळू नका. फौज आलीय."

दौलू कान देऊन उभा होता. "अगं, कुठली फौज एकाच बाईच्या आवाजात ओरडेल? ती काकी आहे. आणि आवाज टेपाडावरून येतोय." त्याने गाठोडे तिथेच टाकले आणि तो माघारी धावत सुटला. भागी त्याच्या मागोमाग.

पुलाजवळ पोचल्यावर त्याने तिथे टांगलेला सुटा दोर कमरेला बांधला, दुसरे टोक झाडाला वेढून भागीच्या हाती दिले, आणि उरलेल्या दोरांना लोंबकळत तो दरी ओलांडू लागला. खाली बघवत नव्हते. मध्यावर आणखी एक पेड सुटले, भागी किंचाळली, पण दोर टिकला. त्याने चिमाबाईला स्वतःच्या पाठीशी बांधले. परतताना ती एकच पुटपुटत होती, "सोडू नकोस रे, सोडू नकोस."

अलीकडे आल्यावरही तिची मूठ दोरावरून सुटेना. भागीने एकेक बोट सोडवले.

"दौलू," चिमाबाई म्हणाली, "कणग्यांना घुशी लागलेल्या नाहीत."

"ठाऊक आहे, काकी. रिकाम्या कोठीला दोन कुलपं कोण लावतो?"

"आणि तरी आलास?"

दौलू दम खात म्हणाला, "हाक आली की पुलावर धावायचं, एवढंच शिकवलंय घरात."

त्या दिवशी संध्याकाळी चिमाबाईने दारोदार फिरून लोकांना पारावर बोलावले. फौज नाही, मीच ओरडत होते, हे सांगितल्यावर लोक ओशाळून खाली बघू लागले. तिने किल्ल्या सर्वांसमोर पारावर ठेवल्या.

"ज्याच्याकडे दाणे आहेत त्याने दाणे काढावेत. ज्याच्याकडे हात आहेत त्याने हात द्यावेत. पूल विणू, घाटाची वाट बांधू, डोल्या दुरुस्त करू."

मुरारशेट उसळला. "चिमाबाई, डोकं ठिकाणावर आहे का? गिऱ्हाईक नाही आणि दुकान सजवा म्हणता! पूर आला की जो तो आपली भांडी उचलतो. कुंडगावात बघा, नाववाल्याने नाव फोडून लाकूड विकलं आणि चालता झाला. शहाणा माणूस."

"शेटजी, उद्या गिऱ्हाईक आलं आणि पूल नसला, तर ते माझी पिठी खायला एवढा घाट चढेल? तुमच्या गुळासाठी चढेल? दौलू गेला की मी गेले, आणि मी गेले की तुम्ही."

"आणि गिऱ्हाईक आलंच नाही तर?"

"तर मरू," चिमाबाई हळूच म्हणाली. "मलाही भीती वाटतेय, शेटजी. पण टेपाडावर एकटीनं भ्यायची भीती फार वाईट."

मुरारशेट उठून गेला. बाकीचे थांबले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. भागी आणि डोलीवाल्यांच्या बायका वाख कुटू लागल्या. पुरुषांनी घाटातली ढासळलेली वाट बांधायला घेतली. चिमाबाईच्या चुलीवर सगळ्यांची एकच आंबील शिजे. सुरुवातीला दाट होती. मग पातळ झाली. मग तिच्यात वाटीचा तळ दिसू लागला. घाटाच्या तोंडाकडे बघणे कोणी सोडले नव्हते, पण तिथे कोणी दिसतही नव्हते. रोज सकाळी चिमाबाई कणगीत हात घालून किती दाणे उरले ते चाचपे. आणि एके सकाळी तिची बोटे खाली बांबूला लागली.

ती कणगीपाशी तशीच बसून राहिली. बाहेर माणसे वाटी घेऊन उभी होती. त्यांना काय सांगावे? तेवढ्यात अंगणात काहीतरी धपकन पडले. बाहेर येऊन पाहते तर मुरारशेट, घामाघूम, आणि त्याच्या पायाशी धान्याचे पोते. बगलेत तेलाचा बुधला.

"दोरांना तेल लागेल ना," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"शेटजी!"

"माझं कौतुक नको. घाबरूनच आलोय. फळ्या लावून आत धान्यावर बसून राहिलो होतो. दारावर पानाची सळसळ झाली तरी वाटायचं, लुटायला आले. झोप नाही, जेवण गोड लागत नाही. तुमच्याकडे उपाशी माणसं निदान एकमेकांशी बोलतात तरी."

भागीने पुढे होऊन पोत्याचे तोंड सोडले.

ते पोतेही संपत आले, तेव्हा कधीतरी सरहद्दीवरच्या फौजा न लढताच माघारी गेल्याची बातमी आली. लोकांना ती खरी वाटायला आणखी काही काळ गेला. मग एके दुपारी घाटात खरोखरच धूळ उडाली. चिमाबाई दारात खिळून उभी राहिली. धुळीतून एक म्हातारे जोडपे, दोन व्यापारी आणि लेकरे घेतलेले एक कुटुंब वर आले. वाट नीट होती. डोल्या तयार होत्या. दौलूने त्यांना नव्या पुलावरून हात धरून पलीकडे नेले. जेवायला बसल्यावर व्यापाऱ्यांपैकी एकजण म्हणाला,

"आम्ही आधी कुंडगावला जाणार होतो. पण नदीला उतारच नाही. नाव नाही, नावाडी नाही. पलीकडे खाणावळ दिसत होती. झाडलेली, सारवलेली, ओसरीवर अंथरुणे रचलेली. मालक काठावर येऊन दोन्ही हात हलवत होता, ओरडत होता, की या, माझ्याकडे सगळं आहे. पण जायचं कसं? बराच वेळ थांबलो आणि मग इकडे वळलो."

चिमाबाईने लगेच माणूस धाडून आपल्या भावाला नदीच्या काठावरून हाकारून मदतीचा निरोप दिला, आणि दौलूने नाव बांधायला माणसे पाठवायची तयारी दाखवली. पण कुंडगावचा नावाडी कुठल्याशा बंदरावर हमालीला लागला होता, तो काही परत आला नाही. आणि त्या नदीचे भोवरे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हते. बाळोजीच्या कोठीतले धान्य भरलेले होते तसेच राहिले. प्रवासी अलीकडच्या काठावरून त्याची खाणावळ बघत आणि पुढे निघून जात.

वाईट दिवसांत जो फक्त आपलीच चूल जपतो, त्याच्या चुलीपर्यंत यायची वाट चांगल्या दिवसांत उरत नाही.