मयूरमहालाची तीट

एका राज्यात एक मयूरमहाल होता, आणि त्या महालाला एक राजाही होता. राजाचे नाव सुलोचन. डोळे होते ते नावातच.

महालाच्या निळ्या भिंतींवर सोन्याचे मोर होते. ते एका मांत्रिक चिताऱ्याने काढले होते. काम संपताच त्याने काजळाचे बोट पुढे केले.

"महाराज, तान्ह्या बाळाला लावतात तशी तीट लावू द्या. इतके देखणे काही बिनतिटेचे ठेवू नये."

राजाने बोट हलवले. "आमच्या सोन्याला काळा डाग? नको!"

"तर मग दृष्ट लागेल. महालाला नाही, माणसांना." एवढे बोलून चितारी निघून गेला.

तेव्हापासून मोर माणसांकडे पाहू लागले. ज्याच्यावर नजर ठरे, तो सकाळी भिंतीत चितारलेला सापडे. आधी दिवे लावणारा गेला, मग भाट, मग पाहुणे. राजा म्हणे, "महालाची शोभा वाढली!" अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यावे. शेवटी त्याची एकुलती लेक मेघावती भिंतीत गेली. तरी राजा म्हणाला, "किती सुंदर दिसते!"

मेघावतीची दूधबहीण रेवा चितारीण होती. तिने बहिणीच्या चित्राला हात लावला. रंग कोमट होता आणि बोटाला लागत होता. रेवाला रडू कोसळले.

उंबऱ्यावर बसलेला एक पिंगळा पक्षी बोलला, "रंग उडाला की मुलगी गेली. ज्या बोटाने नको म्हटले, त्याच बोटाने तीट लागली पाहिजे."

"राजा ऐकत नाही."

"मग दाखव. हाच महाल दुसऱ्यांदा चितार. निळा आण बुडालेल्या गावातून, सोनेरी मेलेल्या राजाच्या मुकुटावरून, काळा हसत्या घरातून."

रेवा पाण्याखालच्या गावात उतरली. तिथल्या बायकांनी विचारले, "वर कुणी आमची आठवण काढते का?" रेवा खोटे बोलली नाही. "नाही," म्हणाली. त्यांनी निळा दिला.

मेलेल्या राजाला ती म्हणाली, "मुकुट खरवडू द्या."

"खरवड," तो म्हणाला. "खाली डोके उरलेले नाही."

हसत्या घरी एक कुंभारीण बाळाला न्हाऊ घालत होती. ती खळखळून हसली. "काजळासाठी एवढी पायपीट? अगं बाई, घे की!"

रेवाने रिकाम्या पागेत महाल चितारला. तेच मोर, तीच माणसे. पण सोने ओघळत होते, निळ्याला फोड आले होते, आणि प्रत्येक चोचीत कुणाची तरी बाही होती.

तिने राजाला तिथे आणले. राजा संतापला. "आमचा महाल विद्रूप केलास!"

"मी काही वाढवले नाही, महाराज. दिसले ते काढले."

राजा भिंतीलगत चालत गेला आणि मेघावतीपाशी थबकला. जुन्या महालात तिच्या ओठांवर सोन्याचे पीस होते. इथे ते नव्हते. तिचे तोंड उघडे होते.

"ही हाका मारते आहे... केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

राजाला चिताऱ्याचे बोल आठवले. मग त्याने उरल्या काजळात तेच नको म्हणणारे बोट बुडवले आणि तो जुन्या महालात शिरला. सगळे मोर त्याच्याकडे वळले. तरी त्याने थोरल्या मोराच्या गालावर तीट लावली.

मोरांनी डोळे मिटले. भिंतीतून माणसे उतरू लागली. दिवेवाल्याने आधी दिवे लावले. सर्वांत शेवटी मेघावती आली. तिच्या गालावर काळा ठिपका होता.

"बाबा," ती म्हणाली, "ऐकू आलं?"

राजा खाली वाकला. त्याने तिचे पाय धरले.

आजही मयूरमहाल पाहायचा तर वाट पागेतून, रेवाच्या चित्रापुढून जाते. तिथली दृष्ट उतरली, आमची गोष्ट उतरली; ऐकणाऱ्यांच्या गालावर तीट राहो.