उघडा पेला

"आणि मशीन लावायच्या आधी पेशंटला चूळ भरायला का नाही लावलंस?"

"गर्दी होती, सर."

"थुंकी ओढायची मोठी नळी?"

"धरायला कोणी नव्हतं."

"खिडकी?"

"एसी चालू होता!" निनादने हातमोजे ओरबाडून काढले आणि डब्यात भिरकावले.

विद्यापीठात पहिला आलेला दातांचा डॉक्टर तो, आणि सांगलीच्या या दवाखान्यात रेठरेकर सर त्याला शाळकरी पोरासारखे झापत होते. तेही नर्ससमोर. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या माणसाचे दात पाहिलेत का, सर? कीटणाचा कण ठेवला नाही. सगळं मशीनवर साफ केलं."

"दात छान झालेत. मशीनचा फवारा कुठे गेला?"

"फवारा? पाणी असतं ते. उडून जातं."

"हं..."

त्या 'हं'ने तर तो आणखीच भडकला. बाहेर इंदुबाई घारे ताटकळत होत्या. केमो चालू, साधी सर्दी सोसायचीही ताकद अंगात नाही, त्यात दाढ ठणकत होती. आणि म्हातारा इथे उलटतपासणी घेत बसला होता.

"इंदुबाईंना आत घेतो."

"आत्ता? इथेच?"

"खुर्ची पुसली, ट्रे बदलला, हत्यारं बदलली. खोली स्वच्छ आहे, सर! आणखी काय करू?"

सर उठले. खुर्चीमागच्या ओट्यावर पाण्याचा पेला होता. सकाळी निनादने स्वतःसाठीच भरून ठेवलेला. मशीन चालू असताना तो तिथेच उघडा पडला होता.

सरांनी तो त्याच्यासमोर धरला.

"पी."

निनादने हिसकावूनच घेतला. ओठांपर्यंत नेला...

त्याला मघाचं तोंड आठवलं. सुजलेल्या हिरड्या, रक्त, तो वास. आणि अर्धा तास चेहऱ्यासमोर उडणारे तुषार...

पेला खाली आला.

"का रे? पाणीच आहे ना?"

निनादचे कान तापले होते. राग तसाच होता, पण तो आता कोणावर काढायचा हे त्याला कळेना.

"पी ना!" सर कडाडले.

निनादने मान हलवली. नाही.

"मग बाहेर जा, आणि इंदुबाईंना सांगून ये... आत आल्यावर श्वास घेऊ नका."