केतकी राणी आणि दाखवणारा करंडा

एकदा काय झालं, एका राजाच्या घरी नवसाची लेक झाली. ऐका हं नीट. आणि रेवू, पाय आत घे आधी.

लेकीचं नाव बकुळा. तिच्या आईचं नाव केतकी राणी. बकुळा रडायची फार. दूध प्यायली तरी रडायची, न्हाऊ घातलं तरी रडायची. लहान मुलं रडतातच, त्यात नवल ते काय? पण तिचा आवाज दरबारात जायचा आणि राजाच्या कपाळाला आठी पडायची. "अहो, गप्प करा तिला," एवढंच तो सांगायचा. स्वतः उठून लेकीला खांद्यावर घेणं काही त्याला सुचायचं नाही.

मग एक दिवस राजवाड्यात बांगड्या भरायला कासारीण आली. राणीच्या मांडीवर बकुळेचं रडणं चाललेलंच होतं. कासारणीने टोपलीतून एक करंडा काढला. कुंकवाचा असतो ना, झाकणाला आतून आरसा असलेला? तसा. पण यात कुंकू नव्हतं. एका हातात करंडा धरायचा, दुसऱ्या हाताने झाकण उघडं धरायचं आणि 'दाखव' म्हणायचं. मोर मनात आणला की मोर. हत्ती मनात आणला की हत्ती. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, थांबणं म्हणून नाही.

"घ्या राणीसाहेब," कासारीण म्हणाली. "पोर पुन्हा रडायची नाही."

"काय घेशील याचं?"

"काही नको. तिने बघत राहावं, एवढं मला पुष्कळ."

तिथेच राणीने कान टवकारायला हवे होते. पण टवकारले नाहीत. आधी रडण्यापुरता करंडा उघडला. मग न्हाण्यापुरता. मग जेवणापुरता. राजवाडा कसा शांत शांत झाला. राजा खूश. राणीलाही बरंच वाटलं, बरं का, खोटं कशाला बोलू? दुपारची घटकाभर पाठ टेकायला मिळायला लागली. दमलेल्या बाईने पाठ टेकली त्याचा मला राग नाही. राग पुढे आहे.

त्या राज्यात उष्टावणाची एक रीत होती. पहिला भात भरवायच्या आधी लेकराला पाटावर बसवायचं. समोर पाटी, लेखणी, मूठभर धान्य, मातीचं ढेकूळ असं काही काही मांडायचं. लेकरू ज्याला हात घालील ते त्याचं. मग ते कुणी हिसकावायचं नाही, झोपेतही काढून घ्यायचं नाही. लेकराने आपण होऊन खाली ठेवलं तरच सुटलं. आणि पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत ठेवलं नाही, तर ते जन्मभरासाठी हाताला चिकटायचं.

बकुळेला पाटावर बसवलं आणि तिने भोकाड पसरलं. भटजी ताटकळले, पाहुणे बघायला लागले, राजाच्या कपाळाला आठी. मग राणीने काय केलं? चटकन करंडा उघडला आणि ठेवला तिच्यासमोर. घटकाभरासाठीच हं! पण ठेवला कुठे? पाटी आणि लेखणीच्या मधोमध. बकुळेने दोन्ही हातांनी तो उचलला.

झालं! भटजींच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

मग बकुळा मोठी होत गेली. कशी? एका हातात करंडा, दुसऱ्या हातात झाकण. दोन्ही हात अडकलेले, म्हणून भागा दाई तिला भरवायची. घास ओठांशी आला की तोंड उघडायचं, गिळायचं, पुन्हा उघडायचं. घास वरणभाताचा की कारल्याचा, पोरीला पत्ता नाही. झोपली तरी मूठ सुटायची नाही. साडेचार वर्षांची घोडी झाली, पण शब्द एकच यायचा. "दाखव." आई नाही, बाबा नाही, काऊ नाही, चिऊ नाही. आणि येणारे-जाणारे म्हणायचे, काय गुणी पोर आहे हो, अगदी त्रास नाही! मला तर हे सांगतानाही संताप येतो.

मग एकदा राणीची आई आजारी पडली. राणी चार महिने माहेरी राहिली. परत आली ती धावतच आत गेली. "बकुळे! बाळा, मी आले!"

राणी उभी होती ती नेमकी उजेडात. बकुळा जराशी बाजूला सरकली आणि पुन्हा करंड्यात बघायला लागली. बस्स. पोटच्या पोरीने आईला ओळखलं नाही.

पाचवा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. आता कुठे राजा हलला. आधी त्याने डोंबारी आणला. डोंबारी दोरीवर चालला. बकुळा करंड्यात त्याहून उंच दोरी बघत बसली. मग राजाने पांढरं शुभ्र शिंगरू आणलं. करंड्यात पंखांचा घोडा होता. मग शास्त्रीबुवा आले. त्यांनी पोथ्या चाळल्या आणि रीतच पुन्हा म्हणून दाखवली. हिसकावायचं नाही. काढून घ्यायचं नाही. एवढं म्हणून सात दिवस संपले, लाडू खाऊन बुवा घरी गेले.

शेवटच्या दिवशी सकाळी भागा दाई भरवायला बसली. राणी दारातून बघत होती. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आणि राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भागा, घास खाली ठेव. ताट तिच्यासमोर सरकव आणि ऊठ."

राजा धावत आला. "अगं, पोर उपाशी राहील!"

"ताट भरलेलं आहे. दोन हात आहेत तिला. हिसकावू नका अशी रीत आहे. भरवा अशी रीत कुठे आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, हा करंडा तिच्यापुढे ठेवला तो मी. माझ्या या हातांनी. आणि तुम्हाला शांतता हवी होती म्हणून तुम्ही पाच वर्षं ब्र काढला नाही. आता बोलू नका!"

राजा मागे सरला. बरं झालं.

राणी ताटासमोर बसली. ती स्वतःही जेवली नाही. सकाळचं ताट गार झालं. बकुळेने तोंड उघडून ठेवलं, घास आला नाही. दुपारी दुसरं ताट वाढलं. बकुळा किंचाळली, पाय आपटले, लोळली. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. मग बकुळेने करंड्याला सांगितलं, "दाखव!" करंड्याने लाडू दाखवले. पुरणपोळ्या दाखवल्या, वर तुपाची धार. आणि भुकेल्या पोरीने काय केलं ठाऊक आहे? आरसा चाटला. गारढोण आरसा! एकदा चाटला, दोनदा चाटला, तिसऱ्यांदा चाटून रडायला लागली.

मेल्या करंड्याने लगेच माकड दाखवलं. रडतेय का, असं काही त्याने विचारलं नाही.

दिवे लागायच्या वेळी राणीने तिसरं ताट आणलं. मऊ गुरगुट्या भात, वर मेतकूट, वर तूप. वाफ वर गेली. बकुळेचं नाक हललं. झाकणावरचा हात सुटला. झाकण आपोआप मिटलं. मग तिने करंडा खाली ठेवला, आपण होऊन, आपल्या हाताने, आणि पाचही बोटं भातात खुपसली.

भात होता कढत. पोर कळवळली.

राणीने ती बोटं धरली आणि फू फू करून फुंकर घातली. बकुळेने मान वर केली. कोण फुंकर घालतंय ते बघितलं. खूप वेळ बघितलं. तुपाचा हात राणीच्या गालाला लावला आणि हळूच म्हणाली, "आई."

मग मायलेकी एका ताटात जेवल्या. राणी पोटभर रडली आणि पोटभर जेवली.

आणि राजा? त्याने हळूच वाकून करंडा उचलला, बरं का! म्हणाला, "बघू तरी जरा, काय दाखवतो ते." लेक पहिल्यांदा 'आई' म्हणाली आणि हा जरा बघतोय! राणी ताडकन उठली. करंडा त्याच्या हातातून ओढला, स्वयंपाकघरात नेला, पाट्यावर ठेवला आणि वरवंटा घातला. एक, दोन, तीन! आत काय निघालं? काचेचे तुकडे. ना मोर, ना हत्ती.

"आता पोरीला मांडीवर घ्या," राणी म्हणाली. राजाने घेतलं. बकुळा रडली आणि राजा तिला घेऊन अंगणात फेऱ्या घालत राहिला.

कासारीण कुठे गेली? पुढच्या गावाला. तिचं बरं चाललंय.

पण त्या घरात पुढे रडणं होतं, हसणं होतं, सांडलवंड होती, आणि सगळे सुखाने राहिले. तुम्हीही आता डोळे मिटा. आणि बाहेरच्या खोलीत जो राजा मघापासून निळ्या उजेडात मान खाली घालून बसलाय ना, त्याला म्हणावं, ठेव तुझा करंडा खाली. मी हिसकावणार नाही. आपण होऊन ठेव, आणि आत येऊन पोरांना पांघरूण घाल.