न मागितलेल्या तबकड्या

एकदा एक शिष्य आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे सल्ला मागायला गेला. सल्ला कसला, उत्तर त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं. गुरूनं नुसती मान डोलवावी, एवढीच अपेक्षा. माणसं सल्ला मागतात ती बहुधा अशीच.

गुरू म्हणजे कुणी मठातला नव्हे. बाजारपेठेच्या गावात ग्रामोफोन भाड्यानं देणारा माणूस. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, आपला पितळी कर्णा आणि तबकड्यांची पेटी घेऊन हजर. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्या काळी गाणं ऐकायचं म्हणजे वस्तादाची वाट बघायची. मांडवात तो चावी फिरवू लागला की आचारी झारा ठेवून यायचे, रुसलेला व्याही रुसवा विसरून पुढं सरकायचा, नवरी हळदीच्या अंगानं दारातून डोकवायची. गाणं एक, आणि ऐकणारं अख्खं गाव. आता एकेकाच्या खिशात हजारो गाणी आहेत आणि ऐकणारा एकटाच. त्याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

वस्तादाची एक खोड होती. फार जुन्या तबकड्यांत गाणं संपता संपता गाणारी बाई आपलं नाव सांगायची. ते नाव आलं की वस्ताद भर मांडवात मोठ्यानं म्हणायचा, "ऐकलं हो, बाई!" लोक हसायचे. शिष्य तेव्हा मिसरूड फुटलेला, वस्तादाच्या हाताखाली नवाच. त्यालाही हसू आवरायचं नाही.

"वस्ताद, ती तबकडी आहे. तिला काय ऐकू जातंय?"

"तिला नसेल जात. पण तिनं नाव सांगितलं ना? मग माणसानं ओ द्यायला नको? का दगड आहेस तू?"

पुढं शिष्य शिकला, शहरात गेला. कानाला लावायचे हेडफोन बनवायचा कारखाना काढला आणि वस्तादाची आठवण म्हणून त्याला नाव दिलं 'कर्णा'. त्याच नावाचं गाण्यांचं ॲपही काढलं. नाव गाजलं. पण ॲपच्या एका कोपऱ्यात त्याचा जीव अडकलेला होता. गावोगाव हिंडून त्यानं म्हाताऱ्या बायांची गाणी भरून आणली होती. जात्यावरची, पाळण्याची, हळदीची. प्रत्येक बाई शेवटी आपलं नाव आणि गाव सांगायची, वस्तादाच्या तबकडीतल्या बायांसारखी. एक गोजराबाई तर गाऊन झाल्यावर त्याचा हात धरून म्हणाली होती, "बाबा, पुसू नको हं माझं गाणं." तो म्हणाला होता, "नाही पुसणार, आई."

त्या कोपऱ्याकडं फिरकणारे थोडेच. पण दिलेला शब्द तो दिलेला शब्द.

आणि मग फोन बनवणारी एक बलाढ्य कंपनी 'कर्णा' विकत घ्यायला आली. नाव, कारखाना, हेडफोन, गिऱ्हाइकं, सगळं. माणसं कामावर ठेवायचंही त्यांनी कबूल केलं होतं. त्यांचं स्वतःचं गाण्यांचं ॲप होतंच, त्यामुळं ह्याचं ॲप बंद होणार, आणि त्याबरोबर बायांची गाणीही जाणार. नाही म्हणावं, तर कंपनी स्वतःचे हेडफोन काढून बाजार खाणार आणि ह्याच्या कारखान्यातल्या माणसांच्या चुली विझणार. सही त्याच संध्याकाळी करायची होती. शिष्यानं मनाशी ठरवलं होतं, विकायचं नाही. सगळी हकिकत त्यानं वस्तादाला आधीच पत्रानं कळवली होती, आणि वस्तादही तेच म्हणतील ह्याची त्याला खात्री होती. एवढ्या जुन्या गोष्टी जपणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

कंपनीच्या अधिकारी बाईही बरोबर आल्या. 'कर्णा' हे नाव कुठून आलं ते त्यांना बघायचं होतं.

वस्ताद ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. बाईंच्या गळ्यातले हेडफोन बघून म्हणाला, "मानेवर जू दिसतंय. गाडी कुठाय?"

बाई मोकळेपणानं हसल्या. "आजोबा, ह्यातून गाणं ऐकतात. तुमच्याच शिष्यानं बनवलंय. लावून बघा ना."

वस्तादानं कानाला लावलं. डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं, मग काढून परत दिलं. "आवाज नितळ आहे. खोट काढायला जागा नाही. पण मधे तू काही बोललीस का, पोरी?"

"मी विचारलं, कसं वाटतंय म्हणून."

"तेच. माझ्या पुढ्यात बसून बोललीस आणि मला पत्ता नाही. बरं, शेंगा घे."

शेंगा खाता खाता बाईंची नजर आत गेली. टेबलावर ग्रामोफोन होता, कर्णा लख्ख घासलेला. त्या उठून आत गेल्या, भोवती फिरून आल्या. मग जरा अवघडून म्हणाल्या, "आजोबा, राग मानू नका. हा आमच्या ऑफिसात ठेवायला मिळेल का? काचेच्या कपाटात ठेवू. पाहुणे आले की बघतील."

शिष्य मनातल्या मनात हसला. आता वस्ताद हिला ओट्यावरून खाली उतरवणार, असं त्याला वाटलं.

"घेऊन जा," वस्ताद म्हणाला.

"काय द्यायचं त्याचं?"

"काही नाही. आत्ता उचल, माझं मन फिरायच्या आत. आणि हे बघ, ही तबकड्यांची पेटी. हवी का?"

बाईंनी पेटीकडं बघितलं. "नको, आजोबा. वाटेत फुटतील. आणि आम्हाला वाजवायचा नाहीच, नुसता ठेवायचा आहे."

"बरं तर," वस्ताद म्हणाला, आणि पायानंच पेटी मागं सारली.

ड्रायव्हरनं ग्रामोफोन उचलून गाडीकडं नेला. बाईही मागोमाग गेल्या. टेबलावरच्या धुळीत एक चौकोन तेवढा राहिला. वस्ताद त्या चौकोनाशी जाऊन उभा राहिला. त्याचा हात उचलला गेला आणि हवेतच चावी फिरवल्यासारखा फिरला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं हात धोतराला पुसला.

शिष्याचा मात्र तोल गेला.

"वस्ताद, काय केलंत हे! मी आलो ते तुम्ही विकू नको म्हणाल म्हणून. आणि तुम्ही तर फुकट देऊन मोकळे झालात! त्या कर्ण्यासमोर मी लहानाचा मोठा झालो!"

"कर्ण्यासमोर नाही. गाण्यासमोर," वस्ताद म्हणाला. "बस खाली. ओरडू नको, मी अजून बहिरा झालेलो नाही. त्या पोरीनं काय मागितलं?"

"ग्रामोफोन."

"आणि काय नको म्हणाली?"

 शिष्याचं लक्ष पेटीकडं गेलं.

वस्ताद पेटीवरच टेकला आणि म्हणाला, "अरे लेका, हा कर्णा माझा कधी होता? माझ्याआधी तो एका तमाशाच्या फडात होता. त्याच्याआधी कुणा इनामदाराच्या दिवाणखान्यात. आज ह्या पोरीकडं चालला. कर्ण्याचा जन्मच हिंडण्यात जायचा. पण ह्या माझ्या बाया," त्यानं पेटीवर हात ठेवला, "ह्या मी तिच्या समोर ठेवल्या, आणि तिनं ढुंकून बघितलं नाही. तिचं चुकलं नाही त्यात काही. तिला लखलखणारं हवं होतं, ते मी दिलं. जे तिला नको, ते कुणाचं झालं? माझं. आता तिच्या समोर, तिच्याच तोंडानं माझं झालं. तू कर्ण्यासाठी रडत बसलास, आणि तिकडं तुझी पेटी तू कर्ण्यालाच बांधून ठेवलीस. तुझ्या त्या बायांची गाणी कंपनीला हवीत का, विचारलंस कधी?"

"विचारायचं काय त्यात? विकायचं म्हणजे सगळं एकदमच जातं."

"असं कंपनी म्हणाली?"

"नाही. मीच धरून चाललो."

"मग सोड आता. एवढा कारखाना काढलास आणि कर्णा वेगळा, पेटी वेगळी, एवढं ध्यानात राहिलं नाही? लग्नाहून परत येताना दोन फेऱ्या करायचो आपण. आधी पेटी, मग कर्णा. विसरलास?"

शिष्याला आठवलं. मांडव मोडत असायचा, खरकट्या पत्रावळींवर कावळे जमलेले असायचे, आणि वस्ताद म्हणायचा, आधी पेटी घे. कर्णा राहू दे तिथंच, लोकांना बघू दे. त्यालाही तेव्हा कर्णाच उचलायचा असायचा, कारण रस्त्यानं जाताना लोकांना तोच दिसायचा.

"पण वस्ताद," त्याचा आवाज खाली आला, "तुम्ही आता ऐकणार कशावर?"

"शिंप्याकडं आहे एक. त्याचा खरखरतो. देशमुखांच्या धाकट्या सुनेकडं आहे, ती हात लावू देत नाही पण वाजवते. चार घरं हिंडीन. चार घरी चहा मिळेल. इथं एकटाच ऐकत बसलो होतो, तसाच, तुझ्या त्या जुवातल्या बैलासारखा. जा आता. ती पोर गाडीत ताटकळलीय."

शिष्य गाडीकडं गेला. बाईंना म्हणाला, "सही करतो. नाव घ्या, कारखाना घ्या, हेडफोन घ्या. माणसं मात्र कामावर राहतील, ते ठरल्याप्रमाणं. आणि बायांची ती गाणी मला परत द्या."

बाई गोंधळल्या. "कुठली? ती जात्यावरची? ती तर आम्ही बंदच करणार होतो." त्यांनी फोन लावला, दोन मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "न्या की. तुम्ही सांभाळणार असाल तर आमचंच एक काम कमी झालं."

इतक्या दिवसांची घालमेल, आणि ती सुटली अशी. शिष्याला हसावं की रडावं कळेना.

'कर्णा' नाव गेलं. ते दुसऱ्याच्या खोक्यांवर छापलेलं दिसलं की तो पाय उचलून पुढं निघून जायचा, ते काही खोटं नाही. आपल्या सगळ्यांनाच कधी ना कधी काही विकावं लागतं. तेव्हा गाडीत काय चढतंय, तेवढं आपल्या डोळ्यांनी बघावं.

पुढं एका बाजाराच्या दिवशी तो एस.टी.नं गावी आला. वस्ताद रस्त्यातच भेटला, काखेत एक तबकडी, फडक्यात गुंडाळलेली. दोघं शिंप्याकडं गेले. खरखरत का होईना, गाणं झालं. शेवटी बाईनं नाव सांगितलं, वस्तादानं ओ दिली. शिंप्याला त्याची सवयच झाली होती, त्यानं मान वर न करता चहा सांगितला.

मग शिष्यानं खिशातून फोन काढला. कानाला काही लावलं नाही. कापडाच्या ढिगावर फोन उघडाच ठेवला आणि जात्यावरचं एक गाणं लावलं. थकलेला, पण सुरात घट्ट बसलेला आवाज दुकानभर झाला. शिंप्याचा पाय मशीनवर थांबला. बाजारातली एक बाई पिशवी घेऊन तशीच दारात उभी राहिली.

गाणं संपलं. आवाज म्हणाला, "मी गोजराबाई, डोंगरवाडीची."

वस्तादानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तो शिष्याकडं बघत राहिला.

"ऐकलं हो, बाई," शिष्य म्हणाला.