तरंगानंदबुवांचं कडं आणि भिवराचं वांगं

राजा धुरंधरसेनाला एकही आजार नव्हता, आणि त्याचंच त्याला भारी वाईट वाटत होतं! अशा राजाकडे तरंगानंदबुवा आले, पेटीतून एक काळं कडं काढलं आणि म्हणाले, "महाराज, आजार नाही असं तुम्हाला वाटतं. पण तुमचे तरंग उलटे वाहताहेत!"

झालं! राजाचा चेहरा खर्रकन उतरला.

"घाबरू नका! हे कडं विजेच्या लोळात सात वेळा भाजलंय. घातलं की तरंग सुलटे! दमा जातो, टक्कल जातं, घोरणं थांबतं, सोंगट्यांचा डावसुद्धा जिंकता येतो! समुद्रापलीकडचे सगळे राजे हेच घालतात."

"कोणते राजे?" प्रधानाने विचारलं.

"नावं घेतली की त्यांचे तरंग बिघडतात!"

मग बुवांनी राजाला पाय जुळवून उभं केलं, उजवा हात आडवा पसरायला लावला आणि मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं. राजा भेलकांडला! मग कडं चढवलं आणि पुन्हा दाबलं. राजा खांबासारखा ताठ! दरबाराने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि राजा तर जागच्या जागी उड्या मारायला लागला.

"अंबूवैद्यांचा दवाखाना आजपासून बंद! ती जागा आणि औषधी बाग बुवांना!"

तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

दारात भिवरा उभी होती. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. राजाच्या मुदपाकखान्यात पाणी भरणं हे तिचं काम. हसू आलं खरं, पण पाठोपाठ आई आठवली. तिच्या आईचा दमा अंबूवैद्यांच्या काढ्यावर कसाबसा आटोक्यात होता. दवाखाना गेला तर आईने काय हे काळं कडं चाटायचं?

"हसलीस?" राजा गरजला. "माझ्या अंगाला कळलं ते खोटं? मग आत्ताच्या आत्ता सिद्ध कर! नाही जमलं तर दवाखान्याबरोबर तुझी चाकरीही गेली!"

दरबार चुकचुकला. जे तरंग कुणाला दिसतच नाहीत, ते नाहीत हे दाखवायचं कसं?

भिवराने हंडा-कळशी उतरवली, मुदपाकखान्यात पळाली आणि एक जांभळं वांगं घेऊन आली. "सरकार, कडं काढा. डाव्या हातात हे धरा."

"वांगं?"

"भरताचं हाय. लई तरंग असतात ह्यात!"

राजाने एका हातात वांगं धरलं, दुसरा पसरला. भिवराने दोन बोटांनी दाबलं. राजा जागचा हलला नाही!

"आता वांगं द्या, कडं घाला."

पुन्हा दोन बोटं. राजा तोल जाऊन थेट प्रधानाच्या मांडीवर! दरबाऱ्यांनी उपरण्यात तोंडं खुपसली.

"कड्याशेजारी राहून वांग्याने तरंग शोषले!" तरंगानंदबुवा ओरडले.

"मग बरंच झालं की, बुवा! एका कड्याला वांगी घासू आणि गावभर वाटू. तुम्हाला कशाला तसदी?"

राजाला हसू फुटत होतं, पण हट्ट सुटेना. "अगं, पण मघाशी मी खरोखर पडलो, आणि मग खरोखर टिकलो. ते कसं?"

"सरकार, मी रोज दोन भांडी डोक्यावर घेऊन नदीचा घाट चढते. चेष्टेनं कुणी माझा हात बाहेरच्या अंगाला ओढला, की मी भांड्यासकट आडवी! तोच हात अंगाकडं दाबला, तर भार पायावर येतो, तोल जात न्हाई. कडं नसलं की बुवा दाबता दाबता बाहेर ओढतात. कडं असलं की आत दाबतात. मीबी वांग्याच्या वेळी आत दाबलं, कड्याच्या वेळी बाहेर. जादू बुवांच्या दोन बोटांत हाय! पटत नसंल तर त्यांना उभं करा आणि तुम्हीच बाहेर ओढा."

"आज मुहूर्त नाही!" म्हणत बुवा दाराकडे सरकले. राजाने त्यांना बखोटीला धरून आणलं आणि पेटीतली होती नव्हती ती अकराच्या अकरा कडी त्यांच्या हातांत चढवली. मग दोन बोटं ठेवली आणि बाहेरच्या बाजूला दाबलं.

धप्प! बुवा एकीकडे, कडी सगळीकडे!

"अकरा कडी घालूनही पडलात?" राजाने विचारलं. बुवा रांगत कडी वेचायला लागले.

भिवरा हात जोडून म्हणाली, "सरकार, रागावू नका. बुवांची श्रद्धाच कमी पडली असंल!"

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट हातात धरावा लागला! हसता हसताच त्याने हुकूम सोडले. बुवांची रवानगी वेशीबाहेर, अंबूवैद्यांचा दवाखाना होता तिथेच, आणि भिवराच्या आईचा काढा रोज घरपोच! मग स्वतःच्या मनगटातलं नेहमीचं जाडजूड कडं काढून त्याने भिवराच्या हातावर ठेवलं.

भिवराने ते उलटसुलट करून पाहिलं. "सरकार, हे कशावर गुणकारी?"

"कशावरच नाही!" राजा पोट धरून म्हणाला. "नुसतं सोन्याचं आहे!"